पुढच्या साली काय झालं?

शिरूर कासार तालुक्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा मला चार्ज द्यायला कोणी नव्हतंच. आधीचे साहेब बदलीची ऑर्डर हातात पडताच पसार झाले होते. टेबलाशी एक माणूस तेवढा उभा होता. पांढरी टोपी, खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांतलं एकही चालत नाही हे मला पुढं कळलं. त्यानं माझ्यासमोर कपाटाची किल्ली ठेवली, शिक्क्यांचा डबा ठेवला आणि शेवटी काच तडकलेला एक मोबाइल ठेवला.

“किल्ली घ्या, शिक्के घ्या, आन हे बगून घ्या.”

“हे काय आहे?”

“पिच्चर हाय म्याडम. विलायती हाय, जुना. दीड तासाचा. गावात फिरायच्या आदी बगितलेला बरा.”

मी मूळची साताऱ्याची, तोंडानं फटकळ. त्यात उन्हात दोन एसट्या बदलून आलेली. म्हटलं, हा माणूस चक्रम दिसतोय. किल्ली घेतली, शिक्के घेतले आणि मोबाइल परत सरकवून दिला. त्यानं तो निमूट खिशात घातला आणि म्हणाला, “बरं. चहा सांगतो.”

हे गहिनीनाथ काका. कागदावर व्रणोपचारक, लोकांच्या तोंडी ड्रेसर. जनावराची जखम धुवायची, पट्टी करायची, डॉक्टर सुई टोचणार तेव्हा जनावर धरायचं, एवढंच त्यांचं काम. प्रत्यक्षात दवाखाना ते चालवत होते आणि मी सह्या करत होते. हे कळायला मला महिना लागला, कबूल करायला वर्ष लागलं.

त्यांची कामाची रीत साधी होती. वस्तीवर गेलं की आधी बसायचं. जनावर तडफडत असेल तर गोष्ट वेगळी, एरवी बूड टेकल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. मग चहा घ्यायचा. साखरेच्या दुखण्यानं त्यांच्या पायाला मुंग्या यायच्या. दवाखान्यातल्या चहात ते साखरेचा कण घालू देत नसत, पण कुणाच्या दारातला कप कधी परत पाठवला नाही. मी ओरडले तर म्हणायचे, “चहा न्हाई म्हणलं की आपण परके झालो म्याडम. मग कितीबी शिका, जनावर धरू द्यायचे न्हाईत.” अर्धा कप पिऊन उरलेला ते बोलता बोलता शेजारच्याच्या बशीत ओतायचे. त्या इलाक्यात बहुतेक सगळ्यांनी त्यांचा उष्टा चहा प्यायलेला असावा.

दुपारी दवाखाना शांत झाला की ते औषधाच्या खोक्यावर बसून तो पिच्चर बघायचे. सगळा नाही, एखादा तुकडा. शेवटी माझ्याच्यानं राहवेना. एका दुपारी मीही स्टूल ओढून बसले आणि दीड तास उठले नाही.

गोष्ट अशी. एक सरकारी अंमलदार आडवळणाच्या गावात चौकशीला जातो. गाव मोठं गोड. सगळे हसतात, गातात, फुलं माळतात. चिडलेला तो एकटाच. गावाचं पीक बुडालेलं असतं. शेवटी कळतं की चौकशी वगैरे सगळं थोतांड होतं. त्याला तिथं मुद्दाम बोलावून आणलेलं असतं. आणि मग ते गाव हसत-गात त्याला आपल्या देवाला वाहून टाकतं. भूत नाही, रक्त नाही, अंधार नाही. सगळं लख्ख उन्हात. मला त्या रात्री झोप आली नाही, खोटं कशाला बोलू.

काकांना हा पिच्चर बीडच्या एका व्हिडिओवाल्यानं चुकून दिला होता. तरुणपणी हे कुस्त्यांची कॅसेट आणायला गेलते, त्यानं भलतीच हातात टेकवली. पुढं कॅसेटची सीडी झाली, सीडीची मोबाइलमधली फाइल झाली, पण पिच्चर तोच राहिला.

“पण काका, इंग्रजी कळतं तुम्हाला?”

“इंग्रजी न्हाई येत. गाव येतंय की.”

आमचं त्यावरून कायम वाजायचं. मी म्हणायची, चूक त्या गावाची, जिवंत माणसाला मारतात म्हणजे काय! काका म्हणायचे, “गाव तर चुकलंच. त्याला माफी न्हाई. पर साहेबानं बी काय केलं? कुणाच्या दारात बसला न्हाई. त्यांच्या देवाला हसला. आला तो थेट कागुद काढून उभा. आवो, आपला खातेवालाच वाटतो मला तो. पंचवीस साहेब असे बगितलेत मी.” असं म्हणून ते माझ्याकडं बघायचे नाहीत, खिडकीबाहेर बघायचे. मला राग यायचा. कारण त्या सकाळीच मी कुणाच्या तरी ओट्यावर उभ्या उभ्या फॉर्म भरून आलेली असायची.

मेंढक्यांना हा पिच्चर दाखवायचा त्यांना भारी नाद. एकदा बाभळीखाली सात-आठ जण त्या तडकलेल्या काचेवर वाकले होते. मी मनात म्हटलं, आता घाबरतील. शेवट झाला. मग कोंडाबाई नावाची म्हातारी, तिचा सगळ्यात मोठा वाडा होता मेंढरांचा, तिनं विचारलं, “मंग? पुढच्या साली पीक आलं का?”

“ते न्हाई दावलं,” काका म्हणाले.

“कावून?”

“हितंच संपतो.”

“ह्यात्तिच्या! आसं कसं संपतंय? माणूस घालवला आन पिकाचं सांगितलंच न्हाई?” म्हातारी खरंच तडकली. बाकीचेही कुरकुरले. काकांना मात्र आनंद झाला होता. परत येताना स्कूटीवर मागं बसून ते माझ्या कानात ओरडत होते, “बगितलं का म्याडम! सारे तेच इचारतेत! तीस साल झाले मी बी तेच इचारतो!”

एकदा मी त्यांना इंटरनेटवर शोधून सांगितलं की हा पिच्चर जगात अजून लोक बघतात, वर्षाच्या वर्षाला जमून बघतात, पानंच्या पानं लिहितात त्याच्यावर. त्यांनी मोबाइल शर्टाला पुसून खिशात ठेवला. मग म्हणाले, “म्हंजे तिकडं बी समदे पुढच्या सालीचीच वाट बगतेत.” मी आजवर त्या पिच्चरबद्दल जे काही वाचलं, त्यात याहून पटणारं मला काही सापडलेलं नाही.

आता या माणसाच्या मनातला काटा सांगते. मी येण्याच्या आदल्या वर्षी कोंडाबाईच्या वस्तीवर लसीकरण झालं होतं. साहेबांना घाई होती. मेंढरं दामटून, कोंडून, पळवून पळवून धरली. त्यात गाभण मेंढ्या फाटकात चेंगरल्या आणि आठवड्याभरात सात मेंढ्यांनी गाभ टाकला. लोक म्हणाले, सुईनं टाकला. साहेब म्हणाले, अडाणी आहेत. काकांना ठाऊक होतं की दोष सुईचा नाही, दामटण्याचा. पण मेंढ्या धरणारे हात त्यांचेच होते. वस्तीनं तेव्हापासून सुई बंद केली. काकांना चहा मिळायचा, बोलणं व्हायचं, पिच्चर बघितला जायचा, पण लसीचा विषय काढला की कोंडाबाई उठून आत जायची.

आणि त्या भादव्यात शेजारच्या गावात साथ आली. मेंढरांचं तोंड सडतं, हगवण लागते, पाच-सहा दिवसांत कळपच्या कळप आडवा होतो. मी दोनदा वस्तीवर गेले. समजावलं, चिडले, कायदा सांगितला. काही उपयोग झाला नाही. काका जेवेनासे झाले. डबा उघडायचे आणि तसाच झाकायचे.

त्या मंगळवारी सकाळी ते म्हणाले, “म्याडम, कोंडाबाईकडून फोन आलता. एक मेंढी आडवी पडलीया. तुमालाच बोलावलंय.”

मी लगेच बॅग उचलली. बघते तर ह्यांनी लसीचा डबा बर्फ भरून तयार ठेवलेला, आत अख्ख्या वस्तीला पुरेल एवढी लस.

“एका मेंढीला एवढी लस? वाया जाईल ना सगळी!”

“असू द्या. लागली तर.”

वस्तीच्या अलीकडं रस्त्यावर आडवी सुतळी बांधलेली होती, तिला कडुलिंबाच्या डहाळ्या. मी स्कूटी थांबवली. काका खाली उतरले आणि वाकून चपलेचा अंगठा बघायला लागले.

“हे काय बांधलंय?”

“तुमी बगा काय करायचं ते,” ते खाली मान घालूनच म्हणाले.

आत मेंढी मरतेय आणि हा माणूस चप्पल बघतोय! मी तणतणत उतरले, सुतळी सोडली, स्कूटी आत घेतली. काका माझ्यामागून आले. हे माझ्या लक्षात राहिलं, पण अर्थ तेव्हा कळला नाही.

आत गेले आणि थबकलेच. सगळी वस्ती ओळीनं उभी होती. आणि सगळे हसत होते. दोन दिवसांपूर्वी ज्या बाया मला बघून पाठ फिरवत होत्या त्या हसत होत्या. कुठल्याच चुलीला धूर नव्हता. विळे, कुऱ्हाडी, कोयते पोत्याखाली झाकून ठेवले होते.

“मेंढी कुठंय?” मी विचारलं.

“हाय की. बसा बाई. बसा.”

पाटावर बसवलं. पाय धुतले. हळद-कुंकू लावलं, कपाळभर भंडारा फासला, गळ्यात झेंडूची माळ घातली. शेजारी एक काळा एडका बांधला होता. त्याच्याही गळ्यात तशीच माळ. ढोल सुरू झाला. मी मोबाइल काढला, रेंज नाही. मी एडक्याकडं बघितलं, एडक्यानं माझ्याकडं बघितलं. तो पिच्चर माझ्या डोळ्यांपुढं पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरून गेला. हसू नका, तुमच्या गळ्यात अशी माळ पडली असती म्हणजे कळलं असतं.

मी काकांकडं बघितलं. म्हटलं, हा माणूस तरी उठेल. ते लिंबाखाली लसीचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. डोळे मिटलेले आणि सगळा शर्ट घामानं भिजलेला. एवढा अनुभवी माणूस घाबरलाय म्हटल्यावर माझं उरलंसुरलं अवसानही गळालं.

ढोल थांबला. कोंडाबाई समोर आली. तिनं माझी ओटी भरली आणि म्हणाली, “शीव बांधल्यावर जी आत आली ती आईनं धाडली. माग बाई. एक माग. मागशील ते दिऊ.”

माझ्या ओठांवर आलं होतं, ‘मला घरी जाऊ द्या.’ अगदी ‘मला’ हा शब्द बाहेरही पडला. तेवढ्यात काकांच्या मांडीवरच्या डब्यातून पाण्याची धार त्यांच्या धोतरावर ओघळताना मला दिसली. बर्फ वितळत होता. अहो, एवढी लस! सकाळपासूनची भीती, चीड, सगळं एकदम उसळून आलं. मी ओरडलेच, “मला सुया टोचू द्या! सगळ्या मेंढरांना! आत्ताच्या आत्ता, नाहीतर सगळी लस वाया जाईल!”

मग मागून एक पोरगेला बाप्या पुढं आला. “आज लोखंड लावायचं न्हाई जनावराला. सुई म्हंजे लोखंडच की.”

“गप बस बे,” कोंडाबाईचा म्हातारा नवरा म्हणाला. माझ्यासमोर तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असेल. “शब्द दिलाय.”

कोंडाबाई माझ्याकडं बघत राहिली. तिचा चेहरा पडला होता, हे मी सांगायलाच हवं. सात कोकरं गेली होती तिची. पण शब्द तिनंच दिला होता. “मागितलं ते दिलं,” ती म्हणाली. “पर पळवायचं न्हाई.”

“न्हाई पळवणार,” काका म्हणाले. डोळे उघडले होते त्यांनी, आणि ते रडत होते.

त्या दिवशी एकही मेंढी दामटली नाही. बाया एकेक मेंढी नाव घेऊन बोलावत होत्या, काका गुडघ्यावर बसून तिला कवेत धरत होते, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होते आणि मी टोचत होते. दुपार कलली तेव्हा शेवटची मेंढी झाली. मग ढोल वाजवत त्या काळ्या एडक्याला शिवेबाहेर नेलं आणि सोडून दिलं. कापत नाहीत, सोडतात. तो माळ चावत चावत बिनघोर निघून गेला. चुली पेटल्या, चहा आला. मी तीन कप प्यायले.

परत येताना सुतळीच्या जागेवर मी स्कूटी थांबवली.

“काका, आडवी पडलेली मेंढी कुठं होती?”

“नव्हती.”

“फोन?”

“आलाच न्हवता. मीच जुळवलं.”

“मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर चाललं न्हसतं, म्याडम. साथ आली की मंगळवारी ते सुतळीनं शीव बांधतेत. आपल्या मनानं, कायबी ठावं नसताना जो ती उघडून येतो, त्यालाच आईचा पाहुणा धरतेत. ही रीत मला ठावं होती, पर ती वापरायची अक्कल पिच्चरनं दिली. त्यांनी साहेबाला आणला माराया. मी म्हणलं, आपण जगवायला आणू.” थोडं थांबून म्हणाले, “फकस्त तुमी काय मागताल, ते माज्या हातात न्हवतं. तुमी ‘मला’ म्हणलात तवा माजा जीव गेलता.”

मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. आमिष म्हणून वापरलं होतं मला, त्याचा संताप येतच होता. आणि आतून सुटल्यासारखंही वाटत होतं, त्याचाही संताप येत होता. साथ त्या वस्तीच्या शिवेपर्यंत आली आणि आत शिरली नाही. मग मी बोलायला लागले.

पण काकांचा डबा तसाच राहायचा. त्यांना धास्ती होती ती गाभाची. त्या दिवशी टोचलेल्या मेंढ्यांत बऱ्याच नुकत्या गाभण होत्या. त्यांनी परत गाभ टाकला, तर पुन्हा कोणी सुई लावू देणार नव्हतं आणि काका त्या वस्तीला तोंड दाखवू शकणार नव्हते. दिवाळीनंतर कळप चराईला लांब निघून गेले. त्याच महिन्यात काका रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी नारळ हातात घेऊन उभे होते. मी म्हटलं, “फोन करून विचारा ना कोंडाबाईला.” त्यांनी मान हलवली. “न्हाई. ते डोळ्यानं बगायचं. पिच्चर हितंच संपलाय म्याडम, पुढची साल अजून यायची हाय.”

माघात मी मीटिंगसाठी बीडला निघाले होते. मांजरसुंब्याच्या चौकात जीप अडकली. समोर मेंढरंच मेंढरं, ट्रकवाले हॉर्न बडवतायत आणि कळप आपल्याच चालीनं हायवे ओलांडतोय. माझ्या ड्रायव्हरनं शिवी हासडली. मी खिडकीतून बघितलं, तर घोड्याच्या पाठीवर लटकवलेल्या जाळ्यांतून कोकरांची डोकी बाहेर आलेली. एक, दोन, पाच, आणि मागं दुसरा घोडा, तोही भरलेला. कोंडाबाई काठी टेकत पुढं चालली होती.

धाब्यासमोरच्या बाकड्यावरून पांढरी टोपी उठली. धाब्याच्या पोऱ्यानं मला संध्याकाळी परतताना सांगितलं, हा म्हातारा कळपाची वाट बघत चार दिवस झाले सकाळी येऊन बसतो, चहा मागवतो, अर्धाच पितो. काका मेंढरांत शिरले, पाय ओढत, तोल सावरत. कोंडाबाई थांबली. तिनं जाळीतून एक कोकरू उपसलं आणि त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते हुंगलं. मग गर्दीवरून त्यांची नजर फिरली आणि माझी जीप त्यांना दिसली. दोन्ही हातांनी ते कोकरू डोक्याच्या वर धरून, सगळे हॉर्न वाजत असताना, ते माझ्याकडं बघून ओरडले, “म्याडम! आलं! पुढच्या साली पीक आलं!”

पुढच्याच महिन्यात माझी बदली झाली आणि काका पुन्हा भेटले नाहीत. त्या चौकात मी हसत होते की रडत होते, मला सांगता येत नाही. कळप गेला, ट्रक सुटले, आमची जीपही पुढं निघाली, आणि ते अजून रस्त्याच्या मधोमध कोकरू धरून उभे होते.